कागद अरबीत करायचेत? आधी त्यांचं इंग्रजी तपासा



आखाती देशांत माल पाठवण्यावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, कागदपत्रांचं अरबी भाषांतर पुण्यात कुठे करून मिळेल? पानाला किती घेतात?" प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारायची वेळ सगळ्यात शेवटची आहे आणि आपण तो सगळ्यात आधी विचारतो. मग होतं काय, पुण्यात कुणीतरी अरबीत छान टाइप करून, खाली गोल शिक्का मारून देतं, आपण पैसे देतो, आणि दुबईतल्या खिडकीवर तो कागद परत येतो. "आमच्याकडच्या परवानाधारक भाषांतरकाराकडून करून आणा." पैसे गेले ते गेलेच, वर महिना गेला.

आज एकच गोष्ट पक्की करू. अरबी भाषांतर तुम्हाला वाचता येणार नाही. त्यात चूक आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. आणि तिकडचा अरबी भाषांतरकार मराठी वाचत नाही, तो तुमच्या इंग्रजी कागदावरून अरबी करतो. म्हणजे तुमचा मराठी कागद दोन उड्या मारतो: मराठीतून इंग्रजी, इंग्रजीतून अरबी. पहिली उडी तुमच्या हातात आहे, तुमच्या डोळ्यांसमोर होते, आणि तिथली चूक दुसऱ्या उडीत शिक्क्यासकट पक्की होते. म्हणून अरबीची काळजी घ्यायची जागा दुबई नाही, बारामती आहे.

उदाहरण घेऊनच बोलू म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. समजा, आपल्या कन्हेरीतल्या दोन जावांनी मिळून गूळ पावडर, काकवी आणि शेंगदाणा चटणीचा उद्योग टाकला. भागीदारी करारनामा मराठीत, स्टॅम्प पेपरवर. जागा घरच्या शेतातली, म्हणून जागेचा पुरावा ७/१२. धाकटीचा भाऊ शारजाला नोकरीला आहे, तो म्हणतो इथे एक दुकानदार माल घ्यायला तयार आहे, मला मुखत्यारपत्र द्या, मी करार करतो. आता या दोघींना अरबीत नेमकं काय काय करावं लागेल?

सगळंच अरबीत लागत नाही

पहिली आनंदाची बातमी. माल पाठवताना लागणारे रोजचे कागद, म्हणजे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग, ताज्या फळांना लागणारं फायटोसॅनिटरी, आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला, हे सगळं इंग्रजीत असतं आणि इंग्रजीतच चालतं. भारत आणि यूएईचा व्यापार करार, ज्याला सगळे सेपा म्हणतात, तो १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यातली कस्टमची सवलत घ्यायला लागणारा ओरिजिनचा दाखलाही इंग्रजीच. हे कागद अरबीत करून देतो असं कुणी म्हणालं तर आधी त्याला विचारा, कुणी मागितलंय? उत्तर "लागतंच हो" असं आलं तर उठा तिथून.

दुसरा गठ्ठा लेबलचा. इथे मात्र अरबी हवंच. पॅकबंद खाद्यपदार्थांच्या लेबलसाठी आखाती देशांचं समाईक मानक आहे, जीएसओ ९. त्यानुसार पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, उत्पादक, देश, तयार केल्याची तारीख, संपण्याची तारीख, हे अरबीत पाहिजे. इंग्रजीसोबत अरबी असलं तरी चालतं. दुबईत माल निघण्याआधी लेबलचा नमुना तिथल्या महानगरपालिकेकडून तपासून घेतात आणि ते काम तिथला आयातदार करतो. तेव्हा अरबी मजकूरही त्याच्याकडूनच घ्या, इथे छापखान्यात बसून गूगलवरून उतरवू नका. फक्त एक काम तुमचं: पदार्थ म्हणजे काय ते त्याला साध्या इंग्रजीत समजावून द्या. "गूळ पावडर" म्हणजे उसाचा रस आटवून केलेली, शुद्ध न केलेली साखर. चटणीत शेंगदाणा आहे हे पहिल्या ओळीत सांगा, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते कळणं कायद्यानेच बंधनकारक आहे. अरबीत शेंगदाण्याला "फूल सुदानी" म्हणतात, शब्दशः सुदानी घेवडा. शब्दाला शब्द लावून हे कधीच जमलं नसतं.

तिसरा गठ्ठा खरा अवघड. भागीदारी करारनामा, कंपनीचा ठराव, मुखत्यारपत्र, एजन्सीचा करार, लग्नाचा दाखला, पदवी, जन्मदाखला. तिथल्या नोटरीसमोर, कोर्टात, परवाना खात्यात किंवा व्हिसा खात्यात जे जे ठेवायचं ते इथे येतं. यूएईच्या कोर्टाची भाषा अरबी आहे. अबू धाबीने २०१९ मध्ये कामगार खटल्यांच्या अर्जांसाठी अरबी आणि इंग्रजीबरोबर हिंदीही घेतली, ती बातमी आपल्याकडे खूप फिरली. पण ती कामगारांच्या तक्रारींपुरती आहे, तुमचा भागीदारी करारनामा त्यात बसत नाही. आणि मराठी तर कुठेच नाही.

आधी शिक्के, मग अरबी

आता क्रम. हा लिहून भिंतीवर लावा.

परदेशात कागद चालण्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक, कागद खरा आहे याची सरकारी खात्री. दोन, कागद त्यांच्या भाषेत. खात्री आपल्या देशात मिळते, भाषा त्यांच्या देशात.

खात्रीचे दोन रस्ते आहेत. १९६१ चा हेग येथील करार आहे, त्यात सामील देश एकमेकांच्या कागदांवरचं एकच प्रमाणपत्र मानतात. त्याचं नाव अपोस्टिल. भारत त्यात २००५ मध्ये आला. आखातातले ओमान आणि बहरीन आधीपासून आहेत, सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून. या तीन देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल झालं की वकिलातीत जावं लागत नाही. यूएई, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. सौदीसाठी अजूनही जुनाच लांबचा रस्ता सांगून जास्त पैसे घेणारे एजंट आहेत. हेग परिषदेच्या वेबसाइटवर देशांची यादी असते, पाच मिनिटं काढून स्वतः बघा, कारण यादीत देश वाढत असतात.

परराष्ट्र मंत्रालयात थेट जाऊन कागद देता येत नाही. त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावा लागतो, त्यांची नावं मंत्रालयाच्या साइटवर आहेत. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. बाकी जे बिल येतं ते एजन्सीचं, कुरिअरचं आणि मधल्या माणसाचं. हे माहीत असलं की घासाघीस करताना आवाज खणखणीत येतो!

त्याच्याही आधी राज्याचा टप्पा. पदवी, गुणपत्रक अशा शैक्षणिक कागदांना राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून, जन्म-लग्नाच्या दाखल्यांना मंत्रालयातल्या सामान्य प्रशासन विभागाकडून साक्षांकन. व्यापारी कागदांचा रस्ता वेगळा, तो चेंबर ऑफ कॉमर्समधून जातो. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं मराठा चेंबर, १९३४ पासूनची संस्था. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनसाठीही त्यांच्याकडे जाता येतं.

हे सगळे शिक्के कागदाच्या मागे-पुढे बसतात. आणि अरबी भाषांतर करणाऱ्याने कागदावर जे जे आहे ते सगळं भाषांतर करायचं असतं, शिक्के आणि सह्यांसकट. आता सांगा, शिक्के बसायच्या आधीच अरबी करून घेतलं तर ते भाषांतर अर्धंच नाही का राहिलं? म्हणून आधी मूळ कागदावर शेवटचा शिक्का, मगच अरबी.

भाषांतर कुणाचं? यूएईत तिथल्या न्याय मंत्रालयाकडे नोंदलेल्या भाषांतरकाराचं. त्याच्या शिक्क्यावर नोंदणी क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या यादीत पडताळता येतो. सौदी, ओमानमध्येही परवानाधारक भाषांतर कार्यालयं आहेत. आपल्याकडे परवाना देऊन नोंदवलेल्या कायदेशीर भाषांतरकारांची अशी देशव्यापी पद्धत नाही. आपल्या नोटरी कायद्याने, १९५२ च्या, नोटरीला भाषांतर करण्याचा आणि पडताळण्याचा अधिकार दिला आहे खरा. पण बारामतीतल्या नोटरीला अरबी येतं का? तो सही करतो ती समोरच्याच्या प्रतिज्ञापत्रावर. आणि त्या सहीवर अपोस्टिल बसलं तरी अपोस्टिल एवढंच म्हणतं की ही सही आणि हा शिक्का खरा आहे. आतला मजकूर बरोबर आहे असं ते कधीच म्हणत नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण "अपोस्टिल झालंय म्हणजे सगळं ओके" हा समज फार पसरलाय.

इथून अरबी करून नेऊच नये का? काही ठिकाणी चालतं. वकिलातीने स्वतःच तसं मागितलं असेल, किंवा घेणाऱ्या कार्यालयाने लेखी कळवलं असेल तर जरूर करा. लेखी म्हणजे ईमेल किंवा निदान व्हॉट्सॲपवर, "कुठल्या कागदाचं, कुणी केलेलं, मूळ कागदाला जोडून की वेगळं" या तीन उत्तरांसकट. भावाच्या मित्राने फोनवर सांगितलं, हे लेखी नाही.

इंग्रजीत काय काय बिघडतं

आता मुख्य कामाला येऊ. मराठी कागदाचं इंग्रजी करताना नाव सगळ्यात आधी मार खातं.

आपली आडनावं बघा: काटे, माने, मोरे, काळे, गोरे. इंग्रजीत लिहिल्यावर शेवटी "ई" अक्षर येतं आणि इंग्रजी वाचणारा ते गिळतो. काटे त्याच्यासाठी केट होते, म्हणजे एका मडमेचं नाव. माने होतात मेन, मोरे होतात मोअर, काळे होतात केल. अरबी भाषांतरकार जसं वाचेल तसं अरबीत उतरवेल. त्याचा काय दोष? त्याने बारामती पाहिलेली नाही. त्यात अरबी लिपीला "प" नाही, तिथे "ब" येतो. पवारांचे बवार होतात, पाटलांचे बातील. प्रमाण अरबीत "च" नाही, मग चव्हाणांचे शाफान किंवा त्शाफान. "ट" आणि "ड" नाहीत, "ळ" आणि "ण" नाहीत. "ग" कुणी एका अक्षराने लिहितो, कुणी दुसऱ्या. ऱ्हस्व स्वर सहसा लिहितच नाहीत. म्हणजे एकाच माणसाचं नाव दोन भाषांतरकारांनी दोन प्रकारे लिहिलं तर दोघेही बरोबर असू शकतात, पण बँक म्हणते ही दोन माणसं आहेत.

यावर उपाय सोपा आहे. भाषांतराला कागद देताना सोबत एक पान द्या. त्यावर प्रत्येक माणसाचं नाव पासपोर्टवर आहे तसं इंग्रजीत, आणि पुढे उच्चार तोडून: काटे असेल तर "का" आणि "टे", दोन तुकडे, शेवट "ए"चा. आखातात आधी कुठे व्हिसा किंवा रहिवासी कार्ड काढलं असेल तर त्यावर अरबीत नाव छापलेलं असतं, त्याची प्रत जोडा आणि सांगा की नेमकं हेच घ्या. एकदा ठरलेलं अरबी नाव सगळ्या कागदांवर तेच ठेवायचं. पसंत असो नसो, पवारांचे बवार झाले तर प्रत्येक कागदावर बवारच राहू द्या.

पण त्याआधी इंग्रजी नाव तरी सगळीकडे एक आहे का? आधारवर वडिलांचं नाव पूर्ण, पॅनवर अद्याक्षर, पासपोर्टवर "राव" जोडलेलं, करारनाम्यात घरात म्हणतात ते नाव आणि पुढे "उर्फ". बायकांच्या बाबतीत तर माहेरचं नाव पदवीवर, सासरचं आधारवर. आपल्या दोन जावांपैकी एकीचा असा घोळ असेल तर तो इथेच निस्तरायचा, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून किंवा पासपोर्ट दुरुस्त करून. प्रतिज्ञापत्राने इथली बँक मानेल, तिथलं परवाना खातं मानेलच असं नाही. आणि हो, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर थांबा. नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकेरी नावाच्या पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देत नाही.

नावानंतर छोटी अक्षरं. "मु. पो. कन्हेरी, ता. बारामती, जि. पुणे" याचं इंग्रजी करताना टायपिस्ट "मु. पो." तसंच उतरवतो. मग अरबीत ते गावाच्या नावाचा भाग होतं, किंवा माणसाच्या. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा हे शब्द पूर्ण लिहा. "कै." तर अजिबात सोडू नका. भागीदारीतले सासरे वारले असतील आणि कागदावर "कै." असेल तर इंग्रजीत स्पष्ट "मृत" असं आलं पाहिजे. ते नुसतं के-ए-आय असं नावाला चिकटलं, तर गेलेला माणूस अरबीत जिवंत भागीदार होऊन बसतो आणि तिथला नोटरी त्याची सही मागतो.

आकडे. आपण १२,५०,००० लिहितो. ज्याला लाख माहीत नाही त्याला हा स्वल्पविराम कोड्यात टाकतो. इंग्रजीत रक्कम अक्षरी लिहा, आणि अक्षरी लिहिताना लाखात नाही, मिलियनमध्ये. ७/१२ वर क्षेत्र १.२०.०० असं येतं, म्हणजे १ हेक्टर २० आर ० चौरस मीटर. परक्या माणसाला हा दशांश वाटतो की तारीख, देव जाणे. "हेक्टर" आणि "आर" शब्दात लिहून टाका. गुंठा लिहिला असेल तर चौरस मीटर पण द्या. "पोटखराबा", "भोगवटादार वर्ग १" हे शब्द तसेच ठेवून पुढे अर्थ द्यायचा, परस्पर सोपं इंग्रजी नाव शोधायचं नाही.

मराठी अंक इंग्रजीत करतानाही डोळे उघडे ठेवा, आणि अरबी कागद हातात आल्यावर तर जास्तच. अरबीत लिहितात तो पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यांचा सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही. भाषा उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडा आपल्यासारखाच डावीकडून उजवीकडे वाचायचा. हे दहा अंक एका संध्याकाळी शिकून होतात. मी तर सांगतो, शिकाच. अख्ख्या अरबी कागदात तुम्हाला स्वतःला तपासता येण्यासारख्या चारच गोष्टी आहेत: पासपोर्ट नंबर, तारखा, रक्कम, टक्के. भागीदारीत ५० टक्के हिस्सा असताना तिथे काय लिहिलंय, हे बघायला भाषा यावी लागत नाही.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

आता गंमत आहे, पण पैशाची आहे. आपल्या कचेरीची अर्धी मराठी अरबी-फारसीतून आलेली आहे. तारीख, मालक, जिल्हा, तालुका, शर्त, मुदत, सनद, इतकंच काय, भाषांतराला जुन्या कागदात "तर्जुमा" म्हणत तो शब्दसुद्धा अरबी. त्यामुळे तिकडचा माणूस बोलायला लागला की आपल्याला ओळखीचे शब्द ऐकू येतात आणि मान हलते. मान हलवू नका.

"करार" आपल्याकडे म्हणजे कॉन्ट्रॅक्ट. अरबीत करार म्हणजे निर्णय, ठराव. कॉन्ट्रॅक्टला ते "अक्द" म्हणतात.

"वकील" आपल्याकडे कोर्टातला. अरबीत वकील म्हणजे तुमच्या वतीने काम करणारा प्रतिनिधी, एजंट. कोर्टातल्या वकिलाला "मुहामी" म्हणतात. आता शारजाचा दुकानदार म्हणाला, "कागदात फक्त मला वकील लिहा," तर तुम्हाला वाटेल कोर्टकचेरीचं काहीतरी असेल, आपल्याला काय. पण यूएईत व्यापारी वकील म्हणजे कमर्शियल एजंट, आणि त्याचा करार तिथल्या अर्थ मंत्रालयात नोंदला गेला तर त्याला कायद्याचं मजबूत संरक्षण मिळतं. त्याला बाजूला करून दुसऱ्याला माल देणं सोपं राहत नाही. तुम्ही इथे मनात "वितरक" धरलाय, माल घेईल, विकेल, नाही जमलं तर दुसरा बघू. अरबी रकान्यात मात्र एजंट, तोही एकमेव. हा फरक एका शब्दाचा आहे आणि त्यात दोघी जावांची आखातातली सगळी बाजारपेठ अडकते.

दोन रकान्यांचे करार असतात, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अरबी. सगळे इंग्रजी वाचून सही करतात. तिथल्या स्थानिक कोर्टात दोन्हीत फरक निघाला तर अरबी धरतात. म्हणून सहीआधी उजवा रकाना दुसऱ्याच माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या. डावा रकाना त्याला दाखवायचा नाही. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून वाचा. मुदत किती, कुठल्या भागापुरती, एकमेव आहे की नाही, मोडायचा कसा, पैसे कधी: एवढ्या पाच जागा जुळल्या पाहिजेत. या उलट भाषांतराला चार पैसे जातात. मला विचाराल तर सगळ्या यादीतला हाच खर्च मी कुणाला टाळू देणार नाही.

मुखत्यारपत्राचंही असंच. आपल्याकडे "सर्व प्रकारची कामे करण्याचा अधिकार" असं मोघम लिहायची सवय. तिकडे प्रत्येक अधिकार नावानिशी मागतात: सही करणे, माल सोडवणे, बँकेत खातं उघडणे, तडजोड करणे. जो द्यायचाय तो वेगळ्या ओळीत लिहा, जो द्यायचा नाही तो "देत नाही" असं लिहा. धाकटीचा भाऊ सज्जन आहे, मान्य. पण माल सोडवायला दिलेल्या अधिकारात कर्ज काढायचा अधिकार कशाला?

थोडं व्यवहाराचं

यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाची साक्षांकनाची फी वैयक्तिक कागदाला १५० दिरहम आणि कंपनीच्या व्यापारी कागदाला २,००० दिरहम अशी आहे. भरण्याआधी त्यांच्या साइटवर बघून घ्या, दर बदलतात. २,००० दिरहम म्हणजे आपले चाळीस हजारांच्या पुढेच. एका चुकीच्या नावासाठी हा कागद पुन्हा करायची वेळ आली तर गूळ पावडरीची पहिली ऑर्डर तिथेच संपली. म्हणून किती कागद लागतात ते आधी मोजा. चार ठरावांऐवजी एका ठरावात चार मुद्दे बसतात का बघा. १०,००० दिरहम आणि त्यावरच्या इनव्हॉइसलाही तिथे साक्षांकन लागतं, २०२३ पासून, त्याचे १५० दिरहम कोण भरणार ते सौद्यातच बोलून टाका.

मूळ कागद एजंटला देताना पोच घ्या, कागदाच्या नंबरासकट. दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवा आणि प्रत्येक शिक्क्यानंतर पुन्हा स्कॅन करा.

लॅमिनेशन. आपल्याकडे दाखला मिळाला की पोरगं आधी लॅमिनेशनच्या दुकानात पळतं. अपोस्टिलचं स्टिकर कागदावर चिकटवावं लागतं, शिक्का शाईने उमटावा लागतो, प्लास्टिकवर ते होत नाही. लॅमिनेशन झालं असेल तर घरी इस्त्रीने सोडवायच्या फंदात पडू नका, संबंधित कार्यालयातून दुसरी प्रत काढा. जन्म-मृत्यूचे दाखले आता मराठी-इंग्रजी दोन्हीत मिळतात, जुना फक्त मराठी दाखला असेल तर नवीनच मागून घ्या, तेवढं एक भाषांतर वाचलं. ७/१२ डिजिटल सहीचा ऑनलाइन १५ रुपयांत निघतो.

आणि तारखांचा हिशेब उलटा करा. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, बँकेचं पत्र असे कागद घेणाऱ्याला ताजे हवे असतात, ते सगळ्यात शेवटी काढा. पदवी, लग्नाचा दाखला, करारनामा जुने होत नाहीत, त्यांचं काम आजपासून सुरू करता येतं. दोघी जावांनी आजच करायचं ते एवढंच: करारनामा, पासपोर्ट, आधार, पॅन आणि ७/१२ एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडायचे आणि पाचही ठिकाणी आपलं नाव एकसारखं आहे का ते बोट ठेवून वाचायचं.